आधी कान, मग बोटे

ब्लूग्रास बँजोच्या धुना कागदावरून नव्हे, तर ऐकून शिकायच्या, अशी परंपरा आहे. ‘आपल्याला कानच नाही’ असे म्हणून मागे फिरणाऱ्यांना मेंदूविज्ञान काय सांगते?

अमेरिकेत केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत ब्लूग्रास संगीताच्या बैठका भरतात. त्यांना ‘जॅम’ म्हणतात. आठ-दहा जण गोल करून बसतात. कुणाकडे गिटार, कुणाकडे फिडल, कुणाकडे मँडोलिन, एखादा उभा बास आणि एक-दोन बँजो. समोर नोटेशनचा स्टँड नसतो. कुणीतरी धुनेचे नाव आणि पट्टी सांगतो, की वादन सुरू. पाळी येईल तसा एकेक जण मुख्य चाल वाजवतो, बाकीचे साथ करतात.

अशा बैठकीत एका प्रकारचा नवशिका हमखास अडकतो. त्याने वर्ष-दोन वर्षे घरी सराव केलेला असतो, पंधरा-वीस धुना तोंडपाठ असतात. पण त्या सगळ्या ‘टॅब्लेचर’वरून बसवलेल्या. टॅब्लेचर म्हणजे कोणती तार, कोणता पडदा आणि कोणते बोट हे आकड्यांनी दाखवणारी लिपी. बैठकीत तीच धून थोडी वेगळ्या वळणाने येते, लय जलद असते, कागद समोर नसतो आणि हात थांबतो. ‘मला कानच नाही, हे जन्मजात लागतं’ असा निष्कर्ष तो काढतो. पुष्कळांचा बँजो त्यानंतर कपाटात जातो.

‘तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावे’ असे मराठीत म्हणतात. ऐकून वाजवण्याबाबत गेल्या पाच दशकांत जे संशोधन झाले, त्यावरून असे दिसते की कानसेन होणे ही बहुतांशी शिकण्याची गोष्ट आहे. मात्र ती कशी शिकायची, यात मोठी गफलत होते. बहुतेक जण एकेक स्वर पकडायला जातात. तयार वादक आधी धुनेचा आकार ऐकतो.

बेंजो नव्हे, बँजो

मुंबई-कोकणातल्या वाचकाला या नावावरून गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवेल. ते वाद्य निराळे. टाइपरायटरसारखी बटणे असलेल्या त्या बुलबुलतरंगाचे मूळ जपानच्या ‘ताइशोगोतो’ या वाद्यात आहे. अमेरिकन बँजोला डफासारखे गोल, पडदा ताणून बसवलेले अंग असते, त्याला लांब मान आणि पाच तारा. दोहोंत साम्य एकच: चाल ऐकायची आणि वाजवायची, ही दोन्हीकडची रीत.

बँजोची मुळे पश्चिम आफ्रिकेत आहेत. भोपळ्यावर कातडे ताणून केलेली तंतुवाद्ये तिथे होती. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या लोकांनी तिथे तशीच वाद्ये घडवली. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचे ‘अकोंटिंग’ हे वाद्य आजही वाजते आणि त्यातली आखूड तार अंगठ्याने छेडतात. अमेरिकन बँजोची पाचवी तारही अशीच आखूड असते. तिची खुंटी मानेच्या वरच्या टोकाला नसून मध्येच, पाचव्या पडद्यापाशी असते.

ब्लूग्रासमध्ये तारा बहुधा ‘ओपन जी’ पद्धतीने लावतात. तिसऱ्या तारेला सा मानले तर चौथी तार मंद्र पंचम, दुसरी गंधार, पहिली पंचम आणि ती आखूड पाचवी तार तार सप्तकातला षड्ज. म्हणजे डाव्या हाताचे बोट कुठेही न ठेवता तारा छेडल्या तरी सा-ग-प असा सुसंवादी मेळ वाजतो. पाचवी तार जवळजवळ सतारीच्या चिकारीसारखी वागते. चाल खाली चालू असते आणि वर षड्ज मधूनमधून किणकिणत राहतो.

उजव्या हाताच्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात नख्या घालून ठरलेल्या क्रमाने तारा छेडायच्या, या क्रमाला ‘रोल’ म्हणतात. अंगठा-तर्जनी-अंगठा-मधले बोट हा एक रोल. अंगठा-तर्जनी-मधले बोट असा पुढे धावणारा दुसरा. एका मापात साधारण आठ स्वर येतात. जलद धुनेत सेकंदाला आठ ते दहा स्वर होतात. त्यांतले मूळ चालीचे स्वर मोजकेच, बहुधा दोन ते चार. उरलेले सगळे भरण. नवख्या कानाची पंचाईत इथेच होते, कारण चाल या भरणात लपलेली असते.

ऐकूनच घडलेले वादक

ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांचा जन्म १९११ मध्ये केंटकीतल्या रोझीन या गावी झाला. लहानपणी त्यांची दृष्टी अधू होती. चर्चच्या गायनवर्गात पुस्तकातली स्वरचिन्हे नीट दिसत नसत, त्यामुळे ते ऐकून शिकले. फिडल वाजवणारे मामा आणि अर्नोल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय गिटारवादक यांच्या साथीला बसून त्यांचा कान तयार झाला. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून पुढे या संगीतालाच ब्लूग्रास हे नाव पडले.

बँजोला आजचे रूप दिले ते अर्ल स्क्रग्ज यांनी. त्यांचा जन्म १९२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. वडिलांचा बँजो घरात होता. दहाएक वर्षांचे असताना ‘रूबेन’ ही धून छेडत बसले असता, आपण दोन नव्हे तर तीन बोटांनी वाजवत आहोत, हे आपल्या एकाएकी लक्षात आले, असे ते सांगत. त्या भागात तीन बोटांनी वाजवणारे इतरही वादक होते. स्क्रग्ज यांनी त्यात सफाई, वेग आणि चालीचा ठसठशीतपणा आणला. ते आणि त्यांचे भाऊ होरेस लयीचा सराव कसा करत, याचा किस्सा प्रसिद्ध आहे. दोघे एकाच वेळी धून सुरू करत, घराला विरुद्ध दिशांनी वळसा घालत आणि पलीकडे भेटल्यावर आपण अजून एकाच मात्रेवर आहोत का, हे पाहत. मेट्रोनोम घरी नसला, तरी लय मनात चालू ठेवायची ही तालीम आजही कुणालाही करता येईल.

डिसेंबर १९४५ मध्ये स्क्रग्ज मन्रोंच्या वृंदात आले. रेडिओवर आणि ध्वनिमुद्रिकांवर हा नवा बँजो ऐकून तरुणांची एक पिढी वेडावली. त्यांच्या हाताशी शिकण्यासारखी पुस्तके फारशी नव्हती. स्क्रग्ज यांचे स्वतःचे पुस्तक १९६८ मध्ये आले. तोवर, आणि पुढेही, पोरांनी वेगळीच युक्ती केली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांवर लावायची. वेग निम्मा झाला की स्वरही बरोबर एक सप्तक खाली येतो. मग बँजोच्या तारा त्याप्रमाणे उतरवायच्या आणि एकेक स्वर शोधायचा. अभिनेते स्टीव्ह मार्टिन हेही याच पद्धतीने बँजो शिकले. आता फोनवरचे साधे ॲपही पट्टी न बदलता वेग निम्मा करते. त्यामुळे काम सोपे झाले, पण एक नवी चूकही रुजली. शिकणारा पहिल्या मिनिटापासूनच धून संथ करून ऐकू लागला.

संथ केले की चाल हरवते

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात अल्बर्ट ब्रेगमन आणि जेफ्री कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन उंच आणि तीन खालचे स्वर एकाआड एक, सेकंदाला सुमारे दहा अशा वेगाने, फिरून फिरून ऐकवायचे. ऐकणाऱ्यांना सहा स्वरांची एक माळ ऐकू आली नाही. त्यांना दोन वेगळे प्रवाह ऐकू आले, एक उंच स्वरांचा आणि एक खालच्या स्वरांचा. एकाच प्रवाहातल्या स्वरांचा क्रम त्यांना सांगता येत होता. पण उंच स्वरांपैकी कोणता, खालच्या कोणत्या स्वराच्या आधी वाजला, हे सांगताना त्यांची गडबड होत होती. स्वरांमधले अंतर जितके जास्त आणि वेग जितका जलद, तितके हे प्रवाह स्पष्ट वेगळे होतात. वेग कमी केला की ते पुन्हा एकमेकांत मिसळतात.

सेकंदाला दहा स्वर हा नेमका बँजोचा वेग. प्रयोगशाळेतले कोरे स्वर आणि खऱ्या वाद्याचे स्वर यांत फरक आहेच, तरी तत्त्व तेच लागू पडते. वर षड्जाची आखूड तार वाजत असते, खाली मधल्या तारांवर चाल. पूर्ण वेगात मेंदू या दोन गोष्टी आपोआप वेगळ्या करतो. वादक चालीचे स्वर किंचित जोराने वाजवतो, त्याचीही मदत होते. म्हणूनच बँजोतले काहीही न कळणारा श्रोतासुद्धा धून गुणगुणू शकतो. मात्र बोटांचा क्रम कोणता होता, हे त्याला सांगता येत नाही.

यातून शिकण्याचे दोन टप्पे निघतात. चाल ऐकायची ती पूर्ण वेगात. बोटांचा क्रम शोधायचा तो संथ करून. पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यावर गेलेल्याला अर्ध्या वेगात आठ सारख्याच महत्त्वाचे स्वर ऐकू येतात. ते सगळे तो निष्ठेने लिहून काढतो, पाठ करतो, आणि त्यांत चाल कुठे आहे हे त्याला महिनाभरानंतरही ठाऊक नसते. असा माणूस धुनेच्या मध्ये चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण परत शिरायला त्याच्याजवळ दार नसते. चाल माहीत असलेला एखादा स्वर सोडून पुढच्या मापात सहज सामील होतो.

ऐकताना हात जागा होतो

कानाने शिकताना मेंदूत काय घडते, याचे उत्तर काही प्रयोगांतून मिळाले आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर येथे मार्क बँगर्ट आणि एकार्ट आल्टेनम्युलर यांनी पियानोचा गंधही नसलेल्या लोकांना छोटे स्वरसमूह ऐकवून ते वाजवायला लावले. नोटेशन नाही, बोटे पाहायची सोय नाही. नुसते ऐकून. पहिल्या वीस मिनिटांच्या सत्रानंतरच, केवळ ऐकताना मेंदूच्या हालचालीशी संबंधित भागांत आणि केवळ बोटे हलवताना ऐकण्याशी संबंधित भागांत बदल दिसू लागले. पाच आठवड्यांत हे नाते पक्के झाले. दुसऱ्या एका गटाच्या पियानोवर कोणत्या पट्टीतून कोणता स्वर निघेल, हे सतत बदलत होते. पहिल्या गटात मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात जो विशिष्ट बदल दिसला, तो या गटात दिसला नाही. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

बँजो शिकणाऱ्यासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. सुरुवातीचे काही महिने तारा एकाच पद्धतीने लावाव्यात. आज ही लावणी, उद्या ती, असे केले तर कान आणि बोट यांच्यात जो नकाशा तयार होत असतो तो पुसला जातो.

२००७ मध्ये अमीर लहाव, इलियट साल्ट्झमन आणि गॉटफ्रीड श्लाउग यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीत न शिकलेल्या लोकांना एक छोटी रचना केवळ ऐकून पाच दिवसांत शिकवली. नंतर त्यांना स्कॅनरमध्ये निश्चल झोपवून संगीत ऐकवले. शिकलेली रचना कानी पडताच मेंदूतले हालचालींशी जोडलेले जाळे जागे झाले, हात हलत नसतानासुद्धा. तेच स्वर वेगळ्या क्रमाने वाजले तेव्हा हा प्रतिसाद खूप कमी झाला. वेगळ्याच स्वरांची, न शिकलेली रचना लावली तेव्हा तो जवळपास दिसला नाही. म्हणजे ऐकणे हे नुसते ऐकणे राहत नाही. ज्या हाताला ती धून येते, तो हात मनातल्या मनात वाजवू लागतो.

यामुळे बस-लोकलमध्ये हेडफोनवर एकच धून वीस वेळा ऐकण्याला सरावाचे मोल येते. पण ते ऐकण्याच्या आधी किंवा नंतर प्रत्यक्ष वाद्यावर थोडे तरी शोधलेले असले पाहिजे. कान आणि हात यांची गाठ एकदा पडावी लागते.

स्वर नव्हे, आकार

रॉबर्ट वुडी आणि आंद्रेआस लेहमन यांनी २०१० मध्ये महाविद्यालयीन पातळीच्या २४ वादकांची तुलना केली. काही केवळ शास्त्रीय, नोटेशनच्या शिस्तीत वाढलेले. काही लोकसंगीत, जॅझ, रॉक अशा, ऐकून वाजवण्याच्या वातावरणाचा अनुभव असलेले. सर्वांना अनोळखी चाल ऐकवून ती हुबेहूब वाजवायला सांगितले. दुसऱ्या गटाला स्पष्टपणे कमी प्रयत्न लागले. डोक्यात काय चालले होते, असे विचारल्यावर फरक उघड झाला. पहिला गट एकेक स्वर, त्यांतले अंतर आणि बोटाची जागा यांचा हिशेब करत होता. दुसरा गट खाली कोणता कॉर्ड सुरू आहे हे ओळखून त्याच्या आधाराने चालीचा अंदाज बांधत होता.

बँजोच्या धुनेत हा आधार फार मोठा असतो, कारण बहुतेक धुना तीन कॉर्डांवर उभ्या असतात. सा-ग-प हे घर. म-ध-सा हा पहिला मुक्काम. प-नी-रे हा घराकडे परत ओढणारा. रचनाही ठरलेली. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, मिळून बत्तीस मापे. स्थायी-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला ही विभागणी लगेच कळते. पहिला भाग बहुधा खालच्या अंगाने चालतो, दुसरा वर उठतो, किंवा नेमके उलट.

चालीही ओळखीच्या वाटतील. अनेक जुन्या धुना सा-रे-ग-प-ध या पाच स्वरांत फिरतात, म्हणजे भूपाचेच स्वर. ‘ओल्ड जो क्लार्क’मध्ये कोमल निषाद लागतो आणि खमाज थाटाची आठवण होते. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर झटकन घसरणे ही तर बँजोची खूण. एका तारेवर कोमल गंधार घेऊन लगेच शेजारची मोकळी तार छेडली की ती सापडते. रागसंगीताचा विस्तार, अलंकरण आणि श्रुतींचा विचार इथे नाही. पण ज्याने लहानपणी पेटीवर ‘सा रे ग म’ गिरवले आहे, त्याला सा कुठे आहे हे शोधायची सवय असते आणि ऐकून शिकण्यात निम्मे काम तेच असते.

मानसशास्त्रात याला माहितीचे गठ्ठे बांधणे म्हणतात. अल्पकालीन स्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. बत्तीस मापांतले अडीचशेहून अधिक सुटे स्वर कुणाच्याच डोक्यात राहणार नाहीत. ‘घराचा कॉर्ड, पुढे धावणारा रोल, शेवटी नेहमीची सांगता’ असे म्हटले की तीन गोष्टी होतात. ब्लूग्रासमध्ये भाग संपवण्याच्या काही ठरीव जागा असतात, त्यांना ‘लिक’ म्हणतात. दहा-बारा लिक हाताला बसले की नव्या धुनेतला बराच भाग आधीच ओळखीचा निघतो. तयार वादक एखादी धून दोनदा ऐकून वाजवतो, तेव्हा त्यात चमत्कार नसतो. त्याला त्यातले थोडेच नवे शिकायचे असते.

सराव कसा करावा?

पहिले काम वाद्याला हात न लावता करायचे. सोपी धून निवडावी. ‘बॉइल देम कॅबेज डाउन’ किंवा ‘क्रिपल क्रीक’ यांपासून पुष्कळ जण सुरुवात करतात. ती पूर्ण वेगात इतक्या वेळा ऐकावी की रेकॉर्डिंग बंद केल्यावरही गुणगुणता यावी. सूर पक्का लागला नाही तरी चालेल, चढ-उतार बरोबर असावा. गुणगुणता येत नसेल तर धून अजून ऐकलेली नाही, असे समजावे.

मग सा शोधावा. धून जिथे विसावते तो स्वर. त्यानंतर रेकॉर्डिंगबरोबर फक्त कॉर्ड बदलायला शिकावे. कोणत्या मापावर घर सुटते आणि कोणत्या मापावर परत येते, एवढेच. बैठकीत हे सोपे करायची युक्ती म्हणजे गिटारवाल्याच्या डाव्या हातावर नजर ठेवणे. बँजोवाद्यांत ही जुनी रीत आहे.

तिसऱ्या पायरीवर एका बोटाने नुसती चाल काढावी. रोल नाही, सजावट नाही. चाल आली की तिच्याभोवती रोल बसवावा. ठोक्यावर चालीचा स्वर आणि मधल्या जागांत भरण. हे जमले की मग वेग निम्मा करून मूळ वादकाने कोणता रोल घेतला आहे ते ताडून पाहावे. आपले आणि त्याचे जुळलेच पाहिजे असे नाही. एकाच धुनेचे दोन वादकांचे दोन पाठ असणे ही या परंपरेतली नेहमीची गोष्ट आहे.

एका बैठकीत तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे बरी. बोटांची क्रमवार हालचाल शिकल्यावर झोपेत ती पक्की होते. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रात्रीच्या झोपेनंतर अशा हालचालीचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला, तोही अचूकता न गमावता. काल रात्री अडलेली जागा सकाळी सुटते, या वादकांच्या अनुभवाला इथे आधार मिळतो.

टॅब्लेचर टाकून द्यावे असेही नाही. बोस्टनचे बिल कीथ यांनी स्क्रग्ज यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे वादन टॅब्लेचरमध्ये उतरवले आणि १९६८ च्या पुस्तकाला त्याचा उपयोग झाला. कीथ यांनी आधी ऐकले, मग लिहिले. शिकणाऱ्यानेही कागद शंका फेडण्यासाठी, शेवटी उघडावा.

खरोखर कान नसलेले किती?

स्वरांचे चढ-उतार जन्मतःच ओळखता न येणे, अशी एक अवस्था खरोखर असते. तिला जन्मजात ‘अम्युझिया’ म्हणतात. इझाबेल पेरेट्झ आणि डॉमिनिक वुव्हान यांच्या २०१७ च्या पाहणीनुसार तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का आहे. उलट कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सुमारे १७ टक्क्यांनी स्वतःला ‘सुराला बहिरे’ म्हणवून घेतले होते. त्यांपैकी ज्यांची चाचणी झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या ऐकण्यात तसा दोष नव्हता. शाळेत कुणीतरी ‘तू नुसते ओठ हलव’ असे म्हटलेले माणसाला जन्मभर पुरते.

निवृत्तीनंतर वाद्य हाती घेणाऱ्यांना आणखी एक प्रश्न पडतो: याने स्मृतिभ्रंश टळतो का? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पट-खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण ज्यांचा मेंदू आधीच ठणठणीत आहे तेच वाद्य वाजवत राहतात, असेही असू शकते. त्यामुळे बँजोला औषध म्हणणे बरोबर नाही. नव्या गोष्टीत मन गुंतणे, चार माणसांत बसणे आणि बोटे चालती राहणे, हे फायदे मात्र पहिल्या महिन्यापासून मिळतात.

कान आणि हात जपावेत

कानावर चालणाऱ्या या कलेत कानच सर्वात धोक्यात असतो. बँजो मोठ्या आवाजाचे वाद्य आहे, आणि छोट्या खोलीतल्या बैठकीत तीन-चार वाद्यांची त्यात भर पडते. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. बैठकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा आवाज दबके वाटले, तर ती सूचना समजावी. वादकांसाठीचे खास इअरप्लग सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे सूर बिघडलेला वाटत नाही. धून पुन्हा पुन्हा ऐकताना हेडफोनचा आवाजही मध्यमच असावा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना संगीत चिरके ऐकू येते, कारण यंत्र बोलण्यासाठी जुळवलेले असते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते. ऑडिओलॉजिस्टला तसे सांगावे.

मागे लाकडी तबक असलेला बँजो चार-पाच किलोंचा असतो. रुंद पट्टा वापरावा, खांदा उचलू नये, डावे मनगट फार दुमडू नये आणि दर वीस मिनिटांनी हात मोकळे करावेत. बोटांना मुंग्या येणे, बधिरता किंवा रात्री मनगट दुखणे असा त्रास होत असेल तर सराव रेटू नये, डॉक्टरांना दाखवावे. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे एक टक्का जणांना ‘फोकल डिस्टोनिया’ होतो. त्यात बहुधा दुखत नाही, फक्त एखादे बोट वाजवतानाच ऐकेनासे होते, आपोआप दुमडते. अशा वेळी जास्त सराव केल्याने प्रश्न सुटत नाही. मेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला लागतो.

सुरुवातीला एका धुनेला महिना लागतो, आणि तो वाया गेल्यासारखा वाटतो. दुसरीला तीन आठवडे लागतात. पाचव्या-सहाव्या धुनेपाशी एखादी जागा ऐकताच हात आपणहून तिथे जातो, कारण तीच जागा आधीच्या धुनेत येऊन गेलेली असते. तोवर धीर सुटू द्यायचा नाही, एवढेच काय ते अवघड.